सत्ताविसावी झेरॉक्स

मुहर्रकच्या या लॅबमध्ये अकरा वर्षं
मी रक्त बघते.
भिंगाखाली पासपोर्ट दिसत नाही.
दिसतो विळा.
गोल असायची ती पेशी वाकलेली,
धानाच्या बांधीत उतरायला निघाल्यासारखी.

सकाळच्या काचेवर
जुन्या मोतीवाल्या घराण्यातला नातू होता.
दुपारच्या काचेवर किगोझी,
युगांडाचा, वय चोवीस, लॉन्ड्रीत इस्त्रीच्या वाफेत उभा राहणारा.
दोन काचा शेजारी ठेवल्या
तर एकाच आईची पोरं म्हणाल.

नातवाला खाट मिळाली, सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन.
मिळायलाच हवं होतं.
किगोझीला काउंटरवरून कागद मिळाला:
पूर्वीपासूनचा आजार.
एक तारखेपासून विमा लागू नाही.

पूर्वीपासूनचा म्हणजे कधीपासूनचा, साहेब?
आमच्या आरमोरीपासूनचा?
तिथे सुगत रात्र रात्र उकिडवा बसायचा,
माय तापलेल्या विटेनं त्याचे गुडघे शेकायची,
म्हणायची, हाडाहाडात खिळे ठोकून ऱ्हायलं कोणी माह्या लेकाच्या.
दवाखान्यातला कंपाउंडर
गोळ्या वरूनच सोडायचा तळहातावर,
बोटाला बोट लागू नये म्हणून.
एखादी खाली पडली
की आम्ही ती फुंकून घ्यायचो.
पुढे कॅम्प भरले, कार्डं आली,
रक्त फुकट मिळू लागलं.
सुगत तोवर एकोणीस वर्षांचा झाला होता.
विसाचा झाला नाही.

किगोझी बाकावर पाय पोटाशी घेऊन कण्हत होता
तेव्हा आमचा बिलिंगवाला मराठीत म्हणाला,
या काळ्यांची नाटकंच फार.
आणि आपलं माणूस म्हणून माझ्याकडे बघून हसला.

माझ्या स्थळाच्या कागदावर मामानं "निमगोरी" लिहिलं होतं.
धादांत खोटं.
इथे आल्यावर कळलं, काळेपणालाही मजले असतात,
आणि मी न विचारता एक मजला वर राहायला आलेय.
मी हसले.
पूर्ण नाही, अर्धंच.
ते अर्धं हसू सुपारीच्या कुडीसारखं
अजून दाढेत अडकलंय.

नाब्बोसा आमच्या जिन्यावर फरशी पुसते.
त्या दिवशी बादली ठेवून ती आत आली.
म्हणाली, आम्ही सगळे मिळून अर्ज करतोय.
विमा कापू नका म्हणून.
आमच्या पगारातून वर्षानुवर्षं पैसे घेतलेत,
आता दुखायला लागल्यावर आम्ही परके कसे?
प्रत्येकाचा रिपोर्ट जोडायचाय. ज्याचा त्यानं मागितलाय.
तिच्या हातात सह्यांची यादी होती,
काही सह्या, काही अंगठे,
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नाणी.
एका कॉपीला तीनशे फिल्स.
तेवढ्यात इथे एक वेळ जेवण होतं.

रात्रपाळीला मी मशीन चालू केलं.
पिशवी तिच्या बादलीत परत ठेवली होती.
बाहेर ऑगस्टची दमट हवा काचेला चिकटलेली,
खिडकीतून दिसायचा तो पूलही दिसत नव्हता.
एकेक नाव प्रकाशाखालून गेलं:
किगोझी. ओडोंगो. तिरुनेश. वान्झा.
अकराव्या कागदाला शाई फिकी पडली,
काडतूस काढून हलवलं,
शाळेत दौत हलवायचे तसं.

सव्वीस झाले.
मग पर्समधून सुगतचं कार्ड काढलं,
कडा कुरतडलेलं, फोटोत शर्टाचं वरचं बटण लावलेलं.
काचेवर पालथं ठेवलं.
हे कुठल्या अर्जाला जोडणार, ठाऊक नव्हतं.

सकाळी नाब्बोसानं गठ्ठा मोजला,
पुन्हा मोजला.
"एक जास्त आहे, सिस्टर.
हा कुठल्या कंपनीत होता?"

सुनावणी पुढच्या महिन्यात ढकललीय.
किगोझी आज उभा राहिला म्हणे, भिंत धरून.
बिलिंगवाल्यानं मशीनचा आकडा टिपून घेतलाय,
सत्तावीस कागदांचा हिशोब मागितलाय.

मी त्याला अजून हसून दाखवलेलं नाही.